वायरीआधीचं घोंगडं

आमच्या साडूंइतका लाडका जावई उभ्या कोल्हापुरात झाला नसेल, आणि त्यांच्यावर माझ्याइतका जळलेला माणूसही. थोरला जावई मी. संगणकाचं शिक्षण दोघांचं सारखंच. तरी सासरे आल्यागेल्याला सांगत, "धाकटं पावणं म्हंजे कॉम्प्युटरमधलं वस्ताद हाईत." मी शेजारीच बसलेला असे.

बटणांच्या मोबाईलचे दिवस होते ते. मोबाईलचे प्रोग्रॅम लिहायला साडूंनी शिवाजी पेठेतल्या घरात संगणक मांडला होता, तोही घट बसवावेत इतक्या सोवळ्याने. फोनची वायर कुणी आधी लावलेली त्यांना खपत नसे. पहिल्यांदा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला त्या फोनची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, घालायचा. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा, तोवर चहा, आणि चहा संपला की वायर. "पावणा दारात यायच्या आदी घोंगडं अंथराय पायजे. हुबा ऱ्हायला की रुसतोय त्यो," असं त्यांचं शास्त्र. माझा एक प्रोग्रॅम संगणकाच्या पडद्यावरल्या खोट्या फोनात झकास चालताना मी त्यांना दाखवला, तर म्हणाले, "आरशाफुडं समदंच पैलवान असत्यात की. खऱ्या फोनवर उतरवा."

पुढे सासऱ्यांचे गुडघे गेले. पेठेच्या संघाची फुटबॉलची फायनल आली आणि मैदानावर जाता येत नाही म्हणून ते धड जेवेनात. मी हट्टाला पेटलो. मैदानावरून मेहुण्याने स्कोअर पाठवायचा, तो सासऱ्यांच्या फोनवर मोठ्ठ्या आकड्यांत दिसणार आणि आपला गोल झाला की घंटा वाजणार, असा प्रोग्रॅम मी साडूंना पत्ता लागू न देता लिहिला. एकदा तरी सासऱ्यांची शाबासकी मला हवी होती. पण मॅचच्या सकाळी घाईघाईत मी आधी वायर लावली. संगणक फोनला ओळखेना, आणि मागाहून ड्रायव्हर घातला तरी ओळखेना. शेवटी फोन आणि प्रोग्रॅम घेऊन, नाक मुठीत धरून साडूंचं दार गाठलं.

साडू एका शब्दाने लागट बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. आपल्या संगणकात त्या फोनचा ड्रायव्हर घातला, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तोवर चहा मागवला. मग वायर लावली आणि फोन मुकाट्याने आत आला. प्रोग्रॅम फोनवर एकेक ओळ चालवून बघताना ते थबकले. "पावणं, समोरच्यानं गोल मारला तरी घंटा वाजाय लागलीया. मामा जागंवरच जातील की." ती चूक पडद्यावरच्या फोनात मला कधी दिसली नव्हती. त्यांनीच ती दुरुस्त केली.

संध्याकाळी घंटा वाजली. सासरे खुर्चीतच उसळले आणि म्हणाले, "धाकट्यांनी केलंय न्हवं?" मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाले, "न्हाय मामा, थोरल्या पावण्यांनी." माझ्या पाठीवर दणकून थाप पडली. जन्मात मिळालेली तेवढीच. आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मी जळलोच. मोठेपणासुद्धा ह्याच माणसाने नेला.

आता सासरे नाहीत. साडू बंगळूरला असतात. हल्ली कुठलाही फोन कुठेही जोडा, संगणक त्याला लगेच ओळखतो, घोंगडं लागत नाही. ती शाबासकी निम्मी तुमची, असं मी त्यांना फोनवर सांगतो. ते हसतात. "पाठीवर पडल्याली थाप कुणी परत घेतंय व्हय, पावणं?"

फोन ठेवला की मी पुन्हा थोडा जळतो, आणि मग त्यांची फार आठवण येते.