पडद्यावरचे मासे

दोन फायबरच्या होड्या, एक कडबाकुट्टी आणि घरचा पाण्याचा पंप, एवढं मी स्वतःच्या हातानं बनवलंय, कुठल्याही कॉलेजात न जाता. म्हणूनच आज पवनानगरच्या नथूआबांनी मला बोलावलं.

मासे दाखवणारा सेन्सर आबांनी होडीच्या तळाला लावला होता. पडदा माशांनी भरलेला, जाळं मात्र चार दिवस रिकामं.

"माजाच हात गेला म्हनायचा. होडी इकतो आता."

होडी काठावर ओढून मी वाकून पाहिलं. वायर पुरेना म्हणून सेन्सर इंजिनाच्या पंख्याला खेटून बसवलेला!

"आबा, तुमचा हात शाबूत आहे. हे मासे नाहीत, पंख्याचा फेस आहे."

सेन्सर बांबूला बांधला आणि होडी पळवत तिच्या कडेकडेनं पाण्यात धरून पाहिला. पंख्यापासून साडेतीन फूट पुढं पडदा स्वच्छ झाला. वायर वाढवून तिथंच पक्का केला.

"आता येकच दिसतोय," आबा हसले, "पर खरा हाय!"

काठावर पर्यटकांचे तंबू चालवणारा कॅम्पवाला सगळं बघत होता. म्हणाला, "माझ्या बोटीला पंख्याजवळच लावा. मासे दिसले की पर्यटक खूश."

मित्रांनो, चुकीच्या जागी सेन्सर बसवायचे तो पंधरा हजार देत होता. मी नाही म्हणालो.