सात प्रश्न राहिले

मित्रहो, आपल्या शिक्षकांच्या फिरत्या वहीत आज मनातलं लिहितो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन मी माझ्या लेकीला, सुमनला बजावलं होतं, "घाई करू नको. उतारा दोनदा वाच, मगच प्रश्न बघ." मी पोथी तशीच वाचतो. तिलाही लहानपणापासून तसंच शिकवलं.

आज ट्रेनिंग कॉलेजच्या प्रवेशाचा निकाल लागला. सुमनचं नाव नाही. उताऱ्यावरून अनुमान काढायचे सात प्रश्न तिचे तसेच राहिले होते.

"आबा, येत हुतं की समदं. येळच संपला."

शेजारचे तरुण मास्तर म्हणाले, "गुरुजी, आधी प्रश्न वाचायचा, मग उताऱ्यात तेवढंच शोधायचं. तुम्ही पोरीला परीक्षेत पारायणाला बसवलंत की!"

सुमन हसली. मला हसू आलं नाही. गेल्या वर्षी हेच मास्तर तिला शिकवतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. वयाच्या अटीमुळे आता तिला आणखी एकदाच परीक्षेला बसता येईल.

आपल्या चांगल्या सवयीनंच लेकराचं नुकसान झालं, असं तुमच्या घरी कधी घडलंय का?

संध्याकाळी माझं घड्याळ सुमनच्या हाती दिलं आणि तिला त्या मास्तरांकडे शिकायला बसवून आलो.