चाळीचा कठडा, दादरची बाग

सुतारकाम ही माझी हौस. साताऱ्यात घरामागच्या पडवीत मी रंधा मारत बसले की घरचे म्हणतात, "विश्वकर्मा कामाला लागले!" पण या हौसेपायी कधी मुंबई गाठेन, असं वाटलं नव्हतं. हॉस्टेलपासूनची मैत्रीण वैशाली हिचा फोन आला. "दादरच्या फुलांच्या प्रदर्शनात जागा मिळालीय. आमच्या गिरगावच्या चाळीची गॅलरी उभी करायचीय, झाडांसकट. तू हत्यारं घेऊन ये, बास."

तिची चाळ पाडली. नवी इमारत होईपर्यंत ती आणि तिचे वडील नाना परळला नवव्या मजल्यावर भाड्याने राहतात. येताना नानांनी दोनच गोष्टी हट्टाने आणल्या: तेलाच्या डब्यांतली त्यांची झाडं आणि गॅलरीच्या कठड्याचा पाच फुटी सागवानी तुकडा. तेव्हापासून डॉक्टरकडे जाणं सोडलं तर ते खाली उतरलेले नाहीत. प्रदर्शनासाठी कठडा त्यांनी दिला, पण म्हणाले, "घेऊन जा. नकली चाळ बघायला मी येणार नाही." त्यांनी एकदा यावं, एवढ्याचसाठी वैशालीचा हा सगळा खटाटोप होता.

पहाटेच्या एसटीने निघाले. तुम्हीही हत्यारं नेणार असाल तर पटाशा गोणपाटात घट्ट गुंडाळा. माझ्या पिशवीकडे कंडक्टर पुण्यापर्यंत संशयाने बघत होता. दुपारी दादरला उतरून आधी माटुंग्याला जाऊन इडली आणि तिथली फिल्टर कापी घेतली. ती चुकवू नका.

मैदानावर पोचले आणि बघतच राहिले. सकाळपर्यंत उघडी माती होती म्हणे, आणि आता तिथे धबधबे, वेलींच्या कमानी, गवताचा हत्ती! शेजारच्या जागेत लालबागचे बाबलकाका काम करत होते. गणपतीचे मांडव उभारण्यात त्यांची हयात गेली. टेप न लावता नुसत्या नजरेने बांबू कापायचे, आणि तो बरोबर बसायचा. या शहराची कामाची लय मला फार आवडते. कोण कुठला ते न विचारता लोक तुमच्या फळीचं दुसरं टोक धरतात.

संध्याकाळपर्यंत खांब आणि फळ्या उभ्या राहिल्या. राहिला कठडा. वरून तो दोन ठिकाणी खोलगट झाला होता. सुताराची खोड, वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. मी रंधा घेतला आणि डाव्या बाजूचा खोलगटपणा जाऊन लाकूड सपाट होईपर्यंत तासलं. उजवीकडे वळले तेवढ्यात बाबलकाका ओरडले, "ओ ताई, थांबा! ता खराब नाय झालेला. हात लावून बघा. कोपर टेकून टेकून झालेला आसा."

मी हात लावला. माझं कोपर त्या खळग्यात अलगद बसलं.

वैशालीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "अगं, आई-नाना रोज संध्याकाळी तिथेच उभे असायचे. चहा घेऊन." आई जाऊन सहा वर्षं झाली होती. कोण कुठल्या बाजूला उभं राहायचं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडलं. तुळस, गवती चहा, ओवा, डब्यात वाढलेला मोगरा; लोक थांबून म्हणत होते, "अरे, ही तर आपली गॅलरी!" आणि अकराच्या सुमारास, इस्त्रीचा शर्ट घालून, नाना आले. शेजारणीकडून टॅक्सी बोलवून घेतली होती. थेट कठड्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि कोपर टेकलं. ते सपाट लाकडावरून घसरलं.

"नाना, चूक माझी," मी म्हणाले. "मला कळलं नाही. डावीकडचा मी तासून टाकला."

त्यांनी हात उजवीकडे नेला, तो खळगा बोटांनी चाचपला. बराच वेळ. मग म्हणाले, "माझा गेला होय? जाऊ दे. माझा मी परत पाडीन. हिचा गेला असता तर कोण पाडणार होतं?"

मी तिथेच रडले. बाबलकाकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

बक्षीस धबधब्याला मिळालं, आणि ते योग्यच होतं. मी साताऱ्याला परतले. आता जुनं लाकूड हाती आलं की रंध्याआधी त्यावरून तळहात फिरवते. कठडा मी निघण्याआधीच परळच्या खिडकीला बसवून दिला. परवा वैशालीचा फोन होता. नाना रोज संध्याकाळी चहा घेऊन डाव्या बाजूला उभे राहतात. उजवीकडे कुंडी ठेवू देत नाहीत.