कुलगुरूंचे पाय

आम्ही तंजावरचे मराठी. आमचे आप्पा इथल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंचे लघुलेखक. साहेब वारले, आप्पा निवृत्त झाले, घरात केबल टीव्ही आला, तरी जेवताना साहेबांचा विषय चुकला नाही. "साहेबांना माझ्याइतकं कोणी ओळखलं नाही," हे वाक्य आम्ही पोरं त्यांच्या आधीच म्हणून टाकायचो.

विद्यापीठाच्या आवारात साहेबांचा पुतळा बसवायचं ठरलं तेव्हा मेणाचा नमुना पारखायला साहजिकच आप्पांना बोलावणं आलं. कारखाना पापनाशमच्या बाजूला. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या आप्पांना मी मोपेडवर मागे बसवून नेलं. मेणाचे साहेब खुर्चीत बसले होते. मूर्तिकाराने तमिळमध्ये विचारलं, "सार, भुवया जमल्यात का?"

आप्पांची मान सवयीने खाली गेली ती वर येईना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साहेब साधे प्राध्यापक होते तेव्हापासून बावीस वर्षं हा माणूस वहीत डोकं खुपसून मजकूर उतरवत होता. साहेबांच्या तोंडाकडे सरळ बघायची त्यांची छातीच झाली नव्हती. वहीच्या पलीकडे दिसायचे ते फक्त टेबलाखालचे पाय.

थाप मारली असती तर सहज खपली असती. आप्पा मात्र पुतळ्याच्या बुटांकडे बघत म्हणाले, "चेहऱ्याचं मला सांगता येणार नाही. पण पाय चुकलेत." साहेब बसले की चपला काढून ठेवत, आणि शब्द अडला की उजव्या पायाचा अंगठा डाव्यावर दाबून धरत. मूर्तिकाराने मुकाट्याने तसे पाय केले.

घरी मी हे नक्कल करून सांगितलं, तेव्हा आईला हसू आवरेना. "अय्यो, इतकीं वर्षें पायच बघत बसलांत की काय?" त्यानंतर आप्पांनी साहेबांचं नाव घेणंच टाकलं. चेष्टेला मीच सुरुवात केली होती, आणि आता मलाच वाईट वाटत होतं.

अनावरणाला साहेबांच्या पत्नी आल्या, खूप थकलेल्या. पुतळ्याचा चेहरा पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग नजर खाली गेली. त्या अंगठ्यावर हात ठेवून त्या रडू लागल्या. हे कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारल्यावर सगळ्यांनी आप्पांकडे बोट दाखवलं. आप्पा अर्थातच जमिनीकडे बघत होते.

"मान वर करा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "हे घरी रोज तुमच्याबद्दल बोलायचे. मला बघू द्या तरी."

आप्पांनी मान वर केली. डोळे असे भरले होते की त्यांना ना बाई दिसल्या असतील, ना साहेब.