शेपटीची खाच

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आत्ताही शेवटपर्यंत सांगेन की मध्येच विषय बदलेन — खात्री नाही.

आयर्लंडमधल्या लिमरिकमध्ये माझ्या शेजारी टॉम राहतो. सत्तरीचा, एकटा, गळ टाकायचा नाद. मागच्या वर्षी समुद्रावर त्याला एक मोठा सी-बास लागला. पबमध्ये तो हात पसरून माप दाखवायचा आणि मित्र म्हणायचे, "टॉम, दर शुक्रवारी हा मासा वाढतोय बरं का!"

म्हणून त्याने तो अख्खा, गोठवलेला मासा माझ्याकडे आणून दिला. मी तेव्हा हौसेने ग्योताकु शिकत होतो — माशाला शाई लावायची, वर पातळ कागद दाबायचा, की मासा जेवढा असेल तेवढाच उमटतो. जपानी कोळी म्हणे असाच पुरावा ठेवायचे. टॉमला पुरावाच हवा होता.

शनिवारी करतो म्हणालो. किती शनिवार गेले? तीन — चार असतील.

आई तेव्हा अलिबागहून आली होती. एका संध्याकाळी घरी आलो तर कालवणाचा वास. "जिताड्याचा चुलतभाऊच की रे! आणि तू बर्फात गाडून ठेवलायस?" तिची काय चूक? मी तिला काही सांगितलंच नव्हतं. इथवर अपघात होता. तेव्हाच शेजारची बेल वाजवायला हवी होती. मी हात धुऊन पानावर बसलो. दोन तुकडे खाल्ले — कालवण छान झालं होतं.

मग दुकानातून दुसरा आणला. समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेला, त्यातल्या त्यात मोठा. टॉमच्या माशाच्या शेपटीला वरून एक खाच होती, ती तो सगळ्यांना सांगायचा. मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि — हो, कापली. डोळा शाईत नीट उठत नाही, तो मागाहून कुंचल्याने काढतात. तोही काढला, मन लावून.

टॉमने आधी खाचेवर बोट फिरवलं. "ग्रँड," म्हणाला. मग दोन्ही हात कागदाशी धरून पाहिले. मासा चार बोटं कमी भरला. आता विचारेल — आता. मी श्वास धरून उभा.

"म्हणजे पोरं खरंच बोलत होती," तो म्हणाला. "मीच फुगवत होतो."

माझ्यावर नाही, कागदावर नाही — त्याने स्वतःवर संशय घेतला. चित्र स्वतः पबमध्ये नेऊन लावलं, सगळ्यांसमोर कबूल केलं. मित्रांनी टाळ्या पिटल्या. मीही तिथेच होतो. माझा ग्लास टॉमनेच आणून दिला होता.

परवा एका नव्या माणसाने त्याला विचारलं, मासा केवढा होता? टॉमने हात पसरले — मग भिंतीकडे पाहिलं, आणि हात चार बोटं जवळ आणले.

मी शेजारीच बसलो होतो.