अर्धं डांबर, अर्धी माती

आमच्या जीपचे टायर झिजले नव्हते, तडकले होते. उभ्या गाडीचे टायर असेच जातात. यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि तेव्हापासून जीप अंगणात उभी असायची. दवाखान्यापुरती निघायची, परत येऊन जागेवर लागायची. वैशाखात एकदा मुलगा खाली वाकून बघत म्हणाला, "आई, हे आता कधीही फुटतील. बाबांना घेऊन जाताना वाटेत काही झालं तर?" म्हणून आम्ही तिघं अलिबागला टायरच्या दुकानात गेलो. मुलगा गाडी चालवत होता, हे पुढच्या सीटवर, मी मागे.

आमचं घर रेवसच्या बाजूला. घरासमोर डांबरी रस्ता, घरामागे खाडी, आणि खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध. बांधाच्या टोकाला आमचं खारातलं, म्हणजे खाडी अडवून काढलेल्या जमिनीतलं भातशेत. यांचा दिवस जन्मभर तसाच विभागलेला होता, सकाळी बांध, दुपारी बाजार. पावसात बांधावर चिकट चिखल, आणि सुक्यातही सुख नाही, कारण कडेच्या दगडांना कालवाच्या शिंपा चिकटलेल्या असतात. पाय पडला तर पाय चिरतो, टायर घासला तर टायरची बाजू.

मला टायरमधलं कळतं असं घरात कोणी म्हणत नाही. पण कळतं. कारण टायरच्या बाबतीत या घरात झालेली सगळ्यात मोठी चूक माझीच आहे.

तिशीतली मी म्हणजे एक नमुना होते. जीप नवी म्हणजे आम्हाला नवी, कोणीतरी वापरून सोडलेली. तिला कुठले टायर घालायचे यावर मी अडून बसले. कुठेतरी जाडजाड ठोकळ्यांचे टायर पाहिले होते, तेच हवेत. हे म्हणाले, "अगो, ते निव्वळ चिखलाचे हायत. डांबरावर टिकायचे न्हाय."

"मग आपल्याकडं चिखल काय कमी हाय?" मी म्हटलं.

खरं कारण चिखल नव्हतंच. ते टायर डांबरावर पिठाच्या गिरणीसारखे घुमतात. नागावला माझं माहेर. गाडी वळणावर असतानाच वहिनीला कळावं की कोण येतंय, एवढीच माझी इच्छा. तसं कळलंही. पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला, यांनी ब्रेक लावला आणि ते नुसत्या चिखलाचे टायर ओल्या डांबरावर साबणासारखे सरकले. आम्ही अंगणात शिरलो ते वहिनीचा शिराळ्यांचा मांडव घेऊनच. बॉनेटवर वेल, आरशाला एक शिराळं लोंबतंय, आणि मी पदर सावरत अशी उतरले, की जणू हे सगळं ठरवून आणलेलं आहे. वर्षाच्या आत डांबराने ते ठोकळे खाऊन टाकले. यांनी त्यावरून मला एक शब्द कधी ऐकवला नाही. त्यांच्या जागी मी असते तर जन्मभर ऐकवलं असतं.

ऐकवण्यात मी हुशार होतेच. चार माणसांत यांची चूक पकडणं हा माझा छंद. हे म्हणाले, दहा वर्षं झाली, की मी म्हणणार, नऊ. हे म्हणाले, पन्नास गोणी भात झालं, की मी, पन्नास कुठलं, त्रेचाळीस. सासऱ्यांसमोर, व्याह्यांसमोर, दुकानदारासमोर. कोणी विचारो न विचारो. हे खाली आपल्या हाताकडे बघायचे आणि बारीकसं हसायचे. मला वाटायचं, केवढी मी चलाख. आता ती बाई भेटली तर तिचे कान धरीन.

तर दुकानदाराने आधी तेच विचारलं जे विचारायला हवं. "काका, गाडी जास्त कुठं फिरते? डांबर किती, कच्चा रस्ता किती?"

मुलाने उत्तर दिलं, "रोडचेच द्या. मऊ चालणारे, आवाज नसलेले." त्याचं चूक नव्हतं. एकेका खड्ड्याला हे दार घट्ट धरायचे, ते तो दवाखान्याच्या दर फेरीला बघत होता. दुकानदाराने बारीक खाचांचा एक टायर पुढे लोटत आणला.

"अर्धी," हे म्हणाले. वारं गेल्यापासून शब्द जड झाले होते, एकेक उचलून ठेवावा लागायचा.

"काय म्हणालात, काका?"

"अर्धं डांबर. अर्धी माती."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. "आई, तूच सांग त्यांना."

सांगणारच होते. दोन वर्षांत जीपचं चाक बांधाला लागलेलं नव्हतं. शेत पडीक, तिकडे कोणी फिरकत नव्हतं. खरा हिशेब माझ्या जिभेवर तयार होता, सवयीने. आणि मग मला यांची मान दिसली. खाली घातलेली, उजव्या हाताकडे बघणारी. मी आता काय बोलणार हे त्यांना पाठ होतं, आणि तरी ते बोलले होते. रोडचे टायर चढले की बांध संपला. मग तो दुकानदारासमोर संपणार, अंगणात रोज संपलेला दिसणार. एवढंच त्यांना नको होतं.

"बरोबर बोलतात हे," मी म्हटलं. "अर्धी अर्धीच हाय."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. यांनी मान वर केली आणि हेही बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या आकड्याला मी पहिल्यांदाच हो म्हटलं होतं.

"मग हे मधले घ्या, दोन्हीकडं चालणारे," दुकानदार म्हणाला. "डांबरावर थोडा आवाज करतील, पण ओल्यात धरतील. मातीत बरे. मात्र गुडघाभर चिखलात भरवसा ठेवू नका."

"बाजू जाड हाय का? आमच्याकडं शिंपा हायत," मी विचारलं. मुलाला गाडी भारदस्त दिसावी म्हणून रुंद हवे होते. मी म्हटलं, "गाडीच्या मापाचेच घे. दिसण्यासाठी टायर घेणाऱ्यांचं काय होतं ते मामीच्या मांडवाला विचार." हे हसले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसले.

येताना टायर हलके घुमत होते. हे तिकडे कान देऊन बसले होते. घरी आल्यावर खुर्ची जीपजवळ लावून घेतली आणि नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ते चांगल्या हाताने एकेक उपटत बसले. म्हणाले, "उद्या बांधावर जाव."

इथून पुढचं लिहायला मला आवडत नाही. तेव्हा बांध खडखडीत सुका होता. दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर पाव तासाचं काम. पण मी म्हटलं, ऊन फार आहे. मग म्हटलं, मुलाची सुट्टी येऊ दे. मग म्हटलं, धक्के बसतील, डॉक्टरांना विचारू. डॉक्टरांना विचारलंच नाही. मग पाऊस लागला, आणि आता मला सबब शोधायचंही कारण उरलं नाही. हे रोज संध्याकाळी विचारायचे, मी म्हणायचे, बांध सुकला की. दुकानात हो म्हणायला काय लागतं, एक शब्द लागतो. तेवढ्यावर मी स्वतःला मोठी शहाणी समजत होते. तिशीतली ती बाई कुठे गेलेली नव्हती.

श्रावणात हे गेले. टायरला मातीचा डाग नव्हता.

दिवाळी झाली तेव्हा मुलगा म्हणाला, "जीपचं काय करायचं? कोणी वापरत तर नाही." मी चपला घातल्या आणि म्हटलं, "काढ गाडी. शेतावर जायचंय."

बांधावर एका ठिकाणी भरतीचं पाणी झिरपून चिखल झाला होता. चाक जरा फिरलं, मग धरलं. शिंपांवरून करकरत गेलो, काही झालं नाही. टोकाला उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायची लाकडी फळी. ती हे उचलायचे. तिथे मुलाने गाडी थांबवली. शेतात खाऱ्या पाण्यातल्या तिवरांची रोपं उगवली होती, कमरेएवढी. मी काचेतून बघत राहिले. यांनीही इथूनच बघितलं असतं, उतरायचीसुद्धा गरज नव्हती.

"आई, दुकानात तू खोटं का बोललीस?" मुलाने पुढे बघतच विचारलं.

"तेव्हा खोटं न्हवतं," मी म्हटलं. "नंतर मीच ते खोटं केलं."

त्याने गाडी परत फिरवली. घरी आल्यावर पाइप घेऊन गाडी धुवायला लागला. मी म्हटलं, टायर राहू दे.

आता दर रविवारी आम्ही बांधावर जातो. परवा तो विचारत होता, "आई, झालं का आता अर्धी अर्धी?"

"कुठलं? दवाखान्याच्या फेऱ्या आठव. माती अजून लई मागं हाय."

तो चावी आणायला आत गेला. मी दार उघडून मागे बसले. पुढची सीट मोकळीच असते.