पाय पडावेत म्हणून

स्वतःच्याच घराण्याचे अवशेष बघायला मी तिकिटं काढली. एक माझं, एक बाबांचं.

कसबा पेठेत रविवारी सकाळी आमच्या सरदार घराण्याच्या उरल्यासुरल्या जागा दाखवणारा हेरिटेज वॉक असतो. शेवटचा थांबा म्हणजे आमच्या मूळ पुरुषाने बांधलेलं शंकराचं देऊळ. त्याच्या उंबऱ्याशी, हात जोडून पालथा पडलेला माणूस कोरलेला एक दगड आहे. तो माणूस म्हणजे मूळ पुरुष स्वतः. वेढा पडला तेव्हा हा रातोरात किल्ल्यातून एकटाच निसटला आणि मागे राहिलेली माणसं कापली गेली. म्हातारपणी त्याने स्वतःला तिथे कोरवून घेतलं, आल्यागेल्याचे पाय पाठीवर पडावेत म्हणून. घरच्यांचेसुद्धा. लहानपणी दर दसऱ्याला बाबा मला त्या पाठीवर पाय ठेवायला लावत आणि मी भोकाड पसरायचे.

डागडुजीनंतर देवळाचा तो पुढचा दरवाजा बंदच असतो. लोक बाजूने आत जातात. उघडतात तो फक्त या वॉकसाठी. “पुढच्या वर्षी मला पायऱ्या चढवणार नाहीत. आत्ताच ने,” बाबा म्हणाले.

मला धास्ती वेगळीच होती. खराडीतल्या आमच्या ऑफिसात माझ्या आडनावाला वजन आहे. “म्हणजे ते सरदार?” असं कोणी विचारलं की मी नम्रपणे हसते. किल्ल्याची गोष्ट मी तिथे कधी काढलेली नाही. आणि बाबांच्या जिभेला हाड नाही.

पहिला थांबा आमच्या बागेचा. बागेची कमान तेवढी उरलीय, आत दुचाक्यांचं पार्किंग. “कमान वाचली, कारण तिच्यावर मजले चढवता येत नाहीत,” बाबा म्हणाले. पुढे हौदापाशी त्यांचा पाय ठरेना. सारखी काठी आपटत होते, घड्याळ बघत होते. माहिती सांगणारी मुलगी मात्र रंगात आली होती. “आणि मग सरदार वेढा फोडून एकटे बाहेर पडले.”

“एकटे, हे खरं आहे,” बाबा म्हणाले.

मी त्यांची बाही ओढली. कधी एकदा हे सगळं संपतंय असं मला झालं होतं.

देवळाचा दरवाजा उघडा होता, पण दगडाभोवती दोरी बांधलेली. वर पाटी: पाय देऊ नये. बाबांनी ती दोनदा वाचली. खाली चपला काढल्या, माझ्या खांद्याचा आधार घेत पायऱ्या चढले, दोरी सोडली आणि सरळ त्या पाठीवर पाय ठेवला.

“आजोबा, पाय काढा ना,” मुलगी धावत आली. “हा सरदारांचा अपमान आहे.”

“आहेच. त्यासाठीच पडलेत ते इथे.”

घोळक्यातल्या दोघातिघांनी फोन वर धरले.

“अहो, पण त्यांच्या घरातल्या कोणी पाहिलं तर?” तिचा आवाज रडवेला झाला होता.

सकाळपासून पहिल्यांदाच बाबांची काठी थांबली होती. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगते, मला तिथून पळून जावंसं वाटलं. पायऱ्या मोकळ्याच होत्या.

“पाहिलंय,” मी म्हणाले, आणि बाबांच्या पायाशेजारी माझा पाय ठेवला.